फुटबॉलचा क्लब कोणाचा?

‘फुटबॉलचा क्लब हा एक धंदा आहे. धंद्यात खोट आली की मालकाने दुकान बंद करावे व गिऱ्हाइकाने दुसरे दुकान धुंडाळावे. यात हळहळण्यासारखे काय आहे?’ असा प्रश्न हल्ली चांगली विचारी म्हणविणारी माणसेही करतात. प्रश्न वरवर बिनतोड दिसतो. परंतु क्लब व पाठीराखा यांचे नाते दुकानदार व गिऱ्हाईक यांचे असते, हे जे त्यात गृहीत धरले आहे, तेच मुळी खोटे आहे. माल वाईट निघाला की गिऱ्हाईक दुकान बदलते. संघ हरू लागला की पाठीराखा त्याला अधिकच बिलगतो. ज्याची निष्ठा तोट्यातच कसाला लागते, त्याला गिऱ्हाईक म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग होय.

आम्ही नाशिकचे, इंदिरानगरात राहणारे. आमच्या शहराचा वरच्या दर्जाचा व्यावसायिक संघ नाही. म्हणून सुमारे दोनशे किलोमीटरांवरील पुण्याचा संघ तोच आम्ही आपला मानला. पुण्याने आम्हां पाठीराख्यांच्या पदरात काय टाकले ते पाहा. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफ.सी. 2007 साली निघाला, 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि 2015 साली मिटला. कल्याणी समूहाचा भारत एफ.सी. 2014-15 चा एकच हंगाम खेळून दिसेनासा झाला. डी.एस.के. शिवाजीयन्सने 2015-16 मध्ये आय-लीगमध्ये पाऊल टाकले व 2017 मध्ये मागे घेतले. राहिला 2014 साली इंडियन सुपर लीगबरोबर जन्मलेला एफ.सी. पुणे सिटी, त्याचेही 2019 साली विसर्जन झाले. बारा वर्षांत चार संघ! एखाद्या मुलाने बाळपणी पाठीराखा व्हावे आणि मिसरूड फुटण्यापूर्वी चार वेळा पोरके व्हावे, असा हा हिशेब आहे.

यांतील शेवटची कथा विशेष बोधप्रद आहे. 2017-18 च्या हंगामात हा संघ चौथा येऊन उपान्त्य फेरीत पोहोचला. बालेवाडीस बेंगळुरूशी गोलशून्य बरोबरी झाली; परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल करून पुण्याची वाट रोखली. हरलो, पण मान खाली घालण्याचे कारण नव्हते. पुढे दीड वर्षही उलटले नाही तो आर्थिक अडचणींपायी संघ संपला व त्याची लीगमधील जागा हैदराबादेस गेली. 2021-22 मध्ये हैदराबादने अजिंक्यपद मिळविले. त्यानंतर तेथेही पैसा आटला, 2023-24 मध्ये खेळाडूंचे पगार थकले आणि 2025 साली बिऱ्हाड नवे नाव घेऊन दिल्लीस हलले. सहा वर्षांत तीन शहरे! ज्याला गाव नाही, ज्याला नाव नाही, त्याला संघ म्हणावे की फिरती नाटक कंपनी म्हणावे? किंबहुना नाटक मंडळी बरी. तिचे नाव तरी गावोगाव तेच राहत असे.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर ठरलेले आहे : ‘पैसा मालकाचा बुडाला, तिकिटापुरते दाम देणाऱ्याने हक्क कसला सांगावा?’ मालकाचा पैसा बुडाला हे खरे, व त्याविषयी आम्हांस खेदही आहे. परंतु भांडवल काय फक्त त्याचेच होते? ‘पुणे’ हे नाव कोणत्या मालकाने विकत घेतले होते? बालेवाडीचे क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी सार्वजनिक पैशातून उभे राहिले. शहराचे नाव, लोकांचे मैदान व पाठीराख्यांची माया ही तीन भांडवले फुकट वापरावयाची आणि दुकान आवरताना मात्र ‘हा माझा खाजगी व्यवहार’ म्हणावयाचे, हा न्याय कोठला?

शिवाय, मालक बुडतो तेव्हाच क्लब बुडतो असेही नाही. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा 1962 पासूनचा संघ. 2005-06 ची राष्ट्रीय लीग त्याने जिंकली आणि 2010 साली तो बंद करण्यात आला. त्या उद्योगसमूहाचे दिवाळे निघाले नव्हते. इच्छा बदलली होती, एवढेच. तात्पर्य, दोष मालकाच्या गरिबीचा नसून एकाच माणसाच्या मर्जीवर सर्व डोलारा उभा करण्याचा आहे. खुद्द लीगचीही तीच गत. चालविणाऱ्या कंपनीचा महासंघाशी असलेला करार संपत आला, तेव्हा जुलै 2025 मध्ये सारा हंगामच टांगणीस लागला.

दुसरा मार्ग नाही काय? आहे, व तो घराजवळच आहे. कोल्हापुरातील पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांना कोणी उद्योगपती जन्मास घालावयास आला नव्हता. पेठ हीच त्यांची मालक. म्हणून शाहू स्टेडियम भरते आणि पेठ जागेवर आहे तोवर संघही जागेवर असतो. परदेशी दाखलाच हवा असेल तर जर्मनीकडे पाहावे. काही अपवाद सोडता तेथे क्लबातील निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियम आहे. इंग्लंडातील पोर्ट्समथ 2008 मध्ये एफ.ए. कप जिंकून पुढे कर्जात बुडाला; 2013 साली पाठीराख्यांनीच वर्गणी काढून तो विकत घेतला, सावरला आणि 2017 साली मतदान करूनच नव्या मालकाच्या स्वाधीन केला. उलट बरी हा 1885 चा क्लब एका मालकाच्या हाती राहिला व ऑगस्ट 2019 मध्ये लीगबाहेर फेकला गेला. त्याच महिन्यात पुण्याची जागा हैदराबादेस गेली होती!

‘हे आपल्याकडे चालावयाचे नाही’ असे म्हणणाऱ्यांनी आमच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाकडे पाहावे. 1840 साली स्थापन झालेली ही संस्था राज्ये बदलली तरी टिकली, कारण ती सभासदांची आहे. पुस्तकांसाठी जे साधले ते चेंडूसाठी का साधू नये? अडचण पैशाची नाही, वृत्तीची आहे. मँचेस्टर व बार्सिलोना यांच्यासाठी मध्यरात्री जागणारा, त्यांचे सदरे हजारो रुपयांस घेणारा सुशिक्षित वर्ग गावच्या संघाला वार्षिक वर्गणी देण्याची वेळ आली की ‘मालक कोण आहे?’ असे विचारतो. ‘मालक आपण’ हे उत्तर त्याला सुचतच नाही.

तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. जो क्लब शहराचे नाव लावील, त्याचे नाव व बोधचिन्ह नोंदणीकृत सभासद-मंडळाच्या ताब्यात असावे. मालकाने पैसा घालावा, नफा झाल्यास तो खुशाल घ्यावा, पण स्थलांतर वा विसर्जन सभासदांच्या मतावाचून करू नये. हिशेब दरवर्षी उघड मांडावा. आणि खेळाडूंच्या एका हंगामाच्या पगाराइतकी रक्कम अनामत ठेविल्यावाचून कोणासही लीगमध्ये प्रवेश देऊ नये. या अटी जाचक वाटून एखादा धनिक परत फिरला तर फिरू द्यावा. पाच वर्षे झगमगून विझणाऱ्या रोषणाईपेक्षा वर्गणीच्या तेलावर तेवणारी समई केव्हाही बरी.