‘फ्रीजमध्येच ठेवले होते हो, डॉक्टर!’

उन्हाळा सुरू झाला की दवाखान्यात उलट्या-जुलाबांचे रुग्ण वाढतात. कारण विचारले तर पाणीपुरी, बर्फाचा गोळा, लग्नातले जेवण अशी नावे पुढे येतात. घरातल्या फ्रीजवर मात्र कुणाचाच संशय नसतो. उलट ‘फ्रीजमध्येच ठेवले होते हो, डॉक्टर’ असे छातीठोकपणे सांगितले जाते. पण तो फ्रीज पंधरा-वीस वर्षांचा असेल आणि त्यातले पाणी जेमतेम गार लागत असेल, तर ते आत दिवा असलेले कपाट झाले!

अन्न टिकायला आतले तापमान ५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी हवे. उबदार हवेत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. शिळ्या भातातले काही जंतू तर असे विष तयार करतात, की पुन्हा उकळले तरी ते नष्ट होत नाही. तेव्हा ‘गरम करून खाल्ले’ हा बचाव दर वेळी चालत नाही.

तापमान पाहायला तापाचा थर्मामीटर उपयोगाचा नाही; तो इतके कमी तापमान दाखवतच नाही. फ्रीजसाठी वेगळा साधा थर्मामीटर मिळतो. तो मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात रात्रभर ठेवावा आणि सकाळी दार उघडताच पाहावा.

आकडा जास्त आला तर लगेच मेकॅनिककडे धावू नये. दारात दहाची नोट धरून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर दाराचे रबर सैल झाले आहे. कधी कधी ते नुसते चिकट झालेले असते, साबणाच्या कोमट पाण्याने पुसले तरी काम होते. दाराजवळचे बटण बोटाने दाबल्यावर आतला दिवा विझतो का, तेही पाहा. दार बंद असतानाही दिवा जळत राहिला, तर आत उष्णता साठते. नंतर प्लग काढून मागच्या जाळीवरची धूळ झाडा आणि फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. फळ्यांवर प्लास्टिकचे कागद अंथरण्याची आपल्याकडे फार हौस! त्यामुळे वरची गार हवा खाली उतरत नाही.

बर्फ भरपूर जमतो म्हणजे फ्रीज चांगला, हा समज मला अनेक घरांत आढळतो. खरे तर जाड बर्फ गोधडीसारखे काम करतो आणि खालच्या कप्प्यांना गारवा मिळू देत नाही. अर्धा बोट बर्फ साठण्याआधीच फ्रीज बंद करून तो वितळू द्यावा. सुरीने खरवडू नये. आतली नळी फुटली की मोठा खर्च येतो.

एवढे करूनही कॉम्प्रेसर अखंड चालतो आणि मागची जाळी गारच राहते, तर मेकॅनिक बोलवावा. ‘गॅस संपला’ असे तो म्हणाला, तर गळती कुठे आहे ते आधी दाखवायला सांगा. गॅस बंद नळ्यांत फिरतो, वापरून संपत नाही. फ्रीजला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर मात्र मेन स्विच बंद करा आणि वायरमनने अर्थिंग तपासेपर्यंत तो लावू नका.

आमच्या दृष्टीने सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे इन्सुलिन. न उघडलेल्या बाटल्यांना २ ते ८ अंश तापमान लागते. फ्रीज गार होत नाही म्हणून बटण शेवटपर्यंत फिरवतात आणि बर्फाच्या कप्प्याखालची बाटली गोठते. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी टाकूनच द्यावे. डोस तोच, पथ्य तेच आणि साखर मात्र चढलेली असेल, तर बाटली कुठे ठेवता हे डॉक्टरांना सांगा. डोस वाढवण्याआधी नवी बाटली वापरून पाहणे बरे.

फ्रीज दुरुस्तीला गेला तर बाटल्या शेजारच्या चांगल्या फ्रीजमध्ये ठेवा, बर्फापासून आणि दारापासून दूर. तशी सोय नसेल तर ओलसर वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या डबीत घालून ठेवता येतात. वापरात असलेली बाटली सावलीतल्या गार जागी साधारण चार आठवडे चालते. वेष्टनावरची मुदत आणि तापमान वाचून घ्या आणि उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा.