विश्लेषण : बाळाला चोखणी द्यावी का? आधी वजनकाटा पाहा, मग ठरवा!

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी अनेक घरांत एकच दृश्य दिसते. आईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूपाने. हाताच्या अंतरावर साडीच्या झोळीत तान्हे बाळ. विड्यांची मजुरी हजारी हिशेबाने मिळते. हात थांबला की मजुरी थांबते. बाळ रडू लागले की एक हात झोळीच्या दोरीकडे जातो. तेवढ्याने भागले नाही तर रबरी चोखणी बाळाच्या तोंडात जाते आणि घर शांत होते.

हीच चोखणी नोकरदार घरांत ‘पॅसिफायर’ या नावाने ऑनलाइन येते, तर दुकानात तिला सरळ ‘निपल’ म्हणतात. नाव कोणतेही असो, वाद तोच. आजी म्हणते, ‘सवय लागेल, दात वाकडे येतील.’ सून म्हणते, ‘डॉक्टरही देतात की!’ दोघींच्या म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे. पण खरा प्रश्न वेगळाच आहे. बाळ शांत झाले, ते पोट भरले म्हणून की तोंड भरले म्हणून?

बाळाला चोखणी हवीशी का वाटते?

चोखणे ही बाळाची उपजत क्रिया आहे. आईच्या पोटात असतानाच बाळ अंगठा चोखू लागते. चोखल्याने त्याला दूध मिळते, तसाच दिलासाही मिळतो. त्यामुळे पोट भरलेले असूनही बाळ काही तरी चोखू पाहते. यात गैर काही नाही.

अडचण अशी की भुकेचे पहिले लक्षणही तेच असते. बाळ तोंड उघडते, मान वळवून काही शोधते, मुठी चोखते. रडणे ही भुकेची शेवटची हाक. पहिल्या काही आठवड्यांत बाळाला दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा अंगावर पाजावे लागते. बाळ जितके ओढते, तितके आईचे दूध वाढते. भुकेच्या वेळी चोखणी दिली तर एक पाजणे हुकते. असे दिवसातून तीन-चारदा झाले की दूध कमी होऊ लागते. मग ‘आईला दूधच नाही’ असे म्हणत घरात पावडरचा डबा येतो.

जागतिक आरोग्य संघटना काय म्हणते?

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये प्रसूतिगृहांसाठी स्तनपानाचे दहा टप्पे ठरवले. त्यातील नववा टप्पा कडक होता. अंगावर पिणाऱ्या बाळाला कृत्रिम बूच किंवा चोखणी देऊ नये, असे त्यात म्हटले होते. २०१८ मध्ये या टप्प्याची भाषा बदलली. बाटली, बूच आणि चोखणी यांचा वापर आणि धोके यांबाबत आईला समुपदेशन करावे, असे आता सांगितले जाते. म्हणजे ‘देऊ नका’ची जागा ‘आईशी बोला’ने घेतली.

हा बदल होण्याआधी २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने दोन चाचण्यांतील १,३०२ निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळांचा आढावा प्रसिद्ध केला होता. अंगावर पाजण्याचा ठाम निश्चय असलेल्या मातांच्या बाळांमध्ये चोखणीमुळे चौथ्या महिन्यापर्यंतच्या स्तनपानावर फरक पडला नाही, असे त्यात आढळले. मात्र यातील ‘ठाम निश्चय असलेल्या माता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्या घरात पाजण्याची घडी नीट बसली आहे, तिथे चोखणी फार बिघडवत नाही. जिथे घडी बसायचीच आहे, तिथे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

मग अमेरिकेत डॉक्टर चोखणी का सुचवतात?

अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना बाळाला झोपवताना चोखणी द्यायला सुचवते. तिकडे झोपेत अचानक होणारे बालमृत्यू ही मोठी चिंता आहे आणि चोखणी घेऊन झोपणाऱ्या बाळांत हे प्रमाण कमी आढळले आहे. पण याच सल्ल्यात एक अट आहे, जी मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडीओंमध्ये बहुधा गाळली जाते. बाळ अंगावर पीत असेल, तर स्तनपानाचा जम बसल्यावरच चोखणी द्यावी. त्याला साधारण तीन ते चार आठवडे लागतात.

कमी दिवसांच्या बाळांची गोष्ट निराळी. नळीने दूध घेणाऱ्या बाळाला रुग्णालयात चोखण्याचा सराव दिला, तर ते तोंडाने दूध प्यायला लवकर शिकते. नवजात अतिदक्षता कक्षात चोखणी दिसली, तर ती उपचाराचा भाग असते. ते पाहून घरच्या धडधाकट बाळाचा निर्णय घेऊ नये.

कान आणि दातांचे काय?

आजीची दातांविषयीची शंका खरी आहे. दोन-तीन वर्षांनंतरही चोखणी सुटली नाही, तर पुढचे दात पुढे येणे, वरच्या-खालच्या दातांत फट राहणे असे त्रास होतात. कानाचा प्रश्न त्याआधीच सुरू होतो. फिनलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पालकांना चोखणी फक्त झोप लागेपर्यंतच द्यायला सांगितले होते. त्या मुलांत कानाच्या संसर्गाचे प्रमाण २९ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणून सहा महिन्यांनंतर चोखणी कमी करत जावी आणि वर्षाच्या आसपास सोडवावी, हे शहाणपणाचे.

सोलापुरात वेगळे काय?

तीन गोष्टी. पहिली पाण्याची. नळाचे पाणी काही दिवसांआड येणार आणि ते साठवून वापरायचे, हे सोलापूरकरांच्या अंगवळणी पडले आहे. सहा महिन्यांखालील बाळाची चोखणी रोज उकळून घ्यावी लागते. पिंपातल्या पाण्यात नुसती बुडवून काढलेली चोखणी म्हणजे जुलाबाला आमंत्रण. रोज उकळणे जमणार नसेल, तर चोखणी न देणेच बरे.

दुसरी तंबाखूची. विड्या वळणाऱ्या हातांना तंबाखूची भुकटी चिकटलेली असते. खाली पडलेली चोखणी त्याच हाताने उचलून बाळाच्या तोंडात गेली, तर तंबाखूही जातो. हात साबणाने धुतल्याशिवाय चोखणीला किंवा बाळाला हात लावू नये.

तिसरी उन्हाची. चैत्र-वैशाखात बाळ जास्त रडते. तहान लागली म्हणून कुणी पाणी पाजते, कुणी चोखणी देते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही. आईच्या दुधात ते पुरेसे असते. तहानलेल्या बाळाला अंगावर घ्यावे आणि आईने स्वतः पाणी भरपूर प्यावे.

मध लावलेली चोखणी चालते का?

नाही. बाळाला मधाचे बोट चाटवण्याची पद्धत जुनी असली तरी एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. त्यात बोट्युलिझमचे जिवाणू असू शकतात आणि या आजारात बाळाचे स्नायू लुळे पडतात. अमेरिकेतील टेक्सासमध्ये २०१८ साली मध भरलेल्या चोखण्या वापरलेल्या चार बाळांना हा आजार झाला होता. चोखणी साखरेत बुडवूनही देऊ नये. ती काळ्या दोऱ्यात ओवून बाळाच्या गळ्यात बांधणे तर जिवावर बेतू शकते.

कायदा काय सांगतो?

बालदुग्ध पर्याय, दूधबाटल्या आणि बालअन्नाविषयीचा कायदा भारतात १९९२ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. या वस्तूंच्या जाहिरातीला बंदी आहे. बाटलीची व्याख्या करताना तिला जोडायचे बूचही त्यात घेतले आहे; पण सुट्या चोखणीचे नाव नाही. त्यामुळे डब्यावर इशारा छापावा लागतो, तर चोखणीच्या पाकिटावर गोंडस बाळ हसत असते. ‘पहिला महिना देऊ नका, भुकेच्या वेळी देऊ नका’ एवढ्या दोन ओळी मराठीत छापण्याची सक्ती करायला काय हरकत आहे?

मग निर्णय कसा घ्यावा?

साधा नियम असा : आधी वजनकाटा, मग चोखणी. जन्मानंतर बाळाचे वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माइतके भरून येते. त्यानंतर ते वाढत असेल, दिवसाला किमान सहा वेळा लघवी होत असेल आणि महिना उलटला असेल, तर झोपवताना चोखणी द्यायला हरकत नाही. नाही दिली तरी बाळाचे काही अडत नाही. वजन अडले असेल, तर चोखणी बाजूला ठेवून बाळ नीट अंगावर पिते का, हे डॉक्टरांना दाखवावे.

यासाठी खर्चही नाही. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जावे, अशी सरकारी योजना आहे आणि वजनकाटा तिच्या साहित्यात असतो. चोखणीविषयी बोलायची जागा हीच. सध्या तो सल्ला दुकानदार किंवा मोबाइल देतो.

घेताना चोखणी एकसंध असावी, तिची चकती बाळाच्या तोंडापेक्षा मोठी असावी आणि चकतीला हवेची भोके असावीत. रबर चिरले किंवा चिकट झाले की ती टाकून द्यावी.

बाकी उरतो तो आईच्या वेळेचा प्रश्न. २०१७ मध्ये मातृत्व रजा १२ वरून २६ आठवडे झाली. पण जिचे नाव हजेरीपटावर नाही आणि जिची मजुरी हजार विड्यांवर ठरते, ती बाई काही आठवड्यांत पुन्हा सूप मांडीवर घेते. तिने चोखणी दिली म्हणून तिला बोल लावणे सोपे आहे. त्याऐवजी घरातल्या कुणी तरी अर्धा तास सूप बाजूला ठेवून ‘तू आधी बाळाला पाज’ म्हटले, तर त्या बाळाचे एक पाजणे वाचते. चोखणी बाळाचे रडणे थांबवते. भूक थांबवायला आईच लागते आणि आईला वेळ लागतो.