सहन करणं म्हणजे समता नव्हे

आपल्याकडे एक वाक्य फार स्वस्त झालं आहे : "बदल स्वीकारायला शिका." नोकरीत जीव मेटाकुटीला आलेल्या मुलीला हे वाक्य तिचा साहेब ऐकवतो, मोबाईलवरचा वक्ता ऐकवतो आणि घरी आली की आईही ऐकवते. आपण जैन, म्हणून आपल्या घरात त्याला धर्माची फोडणीही बसते. "कषाय वाढवू नकोस, समता ठेव, आपल्याच कर्माचा उदय आहे." मुलगी गप्प बसते आणि आपण समजतो, पोरीला समज आली. माझं म्हणणं सरळ आहे. हा धर्म नव्हे, धर्माच्या नावाखाली पाहिलेली सोय आहे. आणि ती सोय दर वेळी मालकाची असते, मुलीची कधीच नसते.

आदिलाबादच्या आपल्या मुली पूर्वी पैनगंगा ओलांडायच्या त्या लग्न होऊन, यवतमाळकडे. आता त्या हैदराबादला, पुण्याला नोकरीला जातात. कुणी सीए, कुणी संगणकात, कुणी बँकेत. आपल्याला त्याचा अभिमान आहे, असायलाच हवा. लग्नाच्या बायोडेटात आता गोत्राखालोखाल पॅकेजचा आकडा असतो. पण तो आकडा किती तासांचा, किती रात्रींचा, हे विचारणारी सासू मला अजून भेटायची आहे. आईसुद्धा क्वचितच विचारते.

२०२४ च्या जुलैमध्ये पुण्यात एका नामांकित लेखा-कंपनीत काम करणारी २६ वर्षांची सीए मुलगी वारली. रुजू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. तिच्या आईने कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना पत्र लिहिलं, कामाच्या ओझ्याखाली लेक कशी पिचत गेली ते सांगितलं. ते पत्र देशभर वाचलं गेलं. कामाच्या ताणाने जीव गेला हे कंपनीच्या प्रमुखांनी मान्य केलं नाही. पण मला त्याहून जास्त बोचली ती नंतरची चर्चा. केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन चेन्नईतल्या एका कार्यक्रमात म्हणाल्या की ताण पेलायला आतली शक्ती लागते, ती देवावरच्या श्रद्धेने येते आणि घरच्यांनी ती मुलांना शिकवावी. टीका झाल्यावर त्यांनी खुलासाही केला. माझा रोख त्या एका व्यक्तीवर नाही. तेच वाक्य आपल्या स्थानकात, आपल्या महिला मंडळात आपण रोज बोलतो. ओझं किती टाकलं हे कुणी मोजत नाही. खांदा कमकुवत निघाला म्हणून खांद्यालाच बोल.

आता धर्माचंच घेऊ, कारण दाखला धर्माचाच दिला जातो. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो : बंध, वध, छेद, अतिभार-आरोपण आणि अन्नपान-निरोध. यातल्या चौथ्यावर जरा थांबा. अतिभार-आरोपण, म्हणजे कुवतीपेक्षा जास्त ओझं लादणं. आपण म्हणतो, ते बैलासाठी, घोड्यासाठी. पण शास्त्राने त्यात नोकर-चाकरही धरले आहेत. ओझं लादणं ही हिंसा आहे, हे आपल्या धर्माने तेव्हा सांगितलं जेव्हा जगात कामगार कायदा हा शब्दही नव्हता. मग ज्या धर्मात लादणाऱ्याला दोष आहे, त्याच धर्माचा आधार घेऊन आपण वाहणाऱ्याला उपदेश कसा करतो?

कुणी म्हणेल, "अहो, आपण तर तप मानणारे लोक. अठ्ठाई करणाऱ्या घरातल्या मुलीला थोडा त्रास सोसवू नये?" बरं, अठ्ठाईच बघू. आठ दिवसांची भूक तप का ठरते? कारण ते पच्चक्खाण आपण स्वतः, आपल्या इच्छेने घेतलेलं असतं. तीच भूक दुसऱ्याने ताट अडवून लादली, तर ती त्या अडवणाऱ्याचा अन्नपान-निरोध हा अतिचार होते. पोट तेच, भूक तीच, पण एक तप आणि दुसरी हिंसा. हाच न्याय नोकरीला लावा. परीक्षेसाठी रात्र रात्र जागणारी मुलगी तप करते. रात्री अकराला आलेल्या निरोपाला घाबरून जागणारी मुलगी तप करत नाही. तिच्यावर लादलं जातं आहे.

आजकालच्या मुलांना कष्ट नकोत, अशीही एक तक्रार असते. कष्टाला माझा विरोध नाही. मी घर चालवते, मला कष्ट कुणी शिकवू नयेत. पण कष्टाला माप असतं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने कारखान्यातल्या कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. आणि २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष ९० तासांची भाषा करत होते. वर विचारत होते, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार! मैत्रिणींनो, यातला विनोद ज्यांना कळला त्यांना कळो. त्या नव्वद तासांतल्या माणसाचं जेवण, कपडे, मुलं, म्हातारे आईबाप कोण बघतं, ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे.

राहिला "बदल". बदलाचं तत्त्वज्ञान जैनाला कुणी शिकवायला नको. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य : नवं उपजतं, जुनं जातं, मूळ द्रव्य टिकतं. पर्याय बदलतात, आत्मा टिकतो. म्हणजे नोकरी हा पर्याय आहे, पद हा पर्याय आहे. तो गेला म्हणून तू गेली नाहीस, हे मुलीला सांगायला हवं. आपण नेमकं उलटं सांगतो. नोकरीला ध्रुव मानतो आणि मुलीला म्हणतो, तूच बदल.

बदल वरून कोसळतो तेव्हा काय होतं, ते आपल्या भागाने पाहिलं आहे. कागजनगर तेव्हा आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं. २०१४ साली तिथली सिरपूर पेपर मिल बंद पडली, ती २०१८ मध्ये नव्या मालकाकडे जाऊन पुन्हा सुरू झाली. मधल्या चार वर्षांत कामगारांच्या चुली काही "बदल स्वीकारा" या मंत्रावर पेटल्या नाहीत. बदल सोसायला गाठीला पैसा लागतो, हातात दुसरी विद्या लागते, पाठीशी माणसं लागतात. ते न देता नुसता उपदेश करणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला पाण्याचं महत्त्व सांगणं.

आणि आपल्या परंपरेतल्या बायका निमूट सोसणाऱ्या होत्या, असंही कुणी सांगू नये. मगनबाईंना तरुणपणीच वैधव्य आलं. वडील सेठ माणिकचंद यांनी त्यांना शिकवलं आणि त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा करून इतर बायकांना शिकवलं. सोलापूरच्या पद्मश्री सुमतिबाई शहांनी मुलींच्या शिक्षणात आयुष्य घातलं. "कर्माचा उदय" म्हणून त्या कोपऱ्यात बसल्या असत्या तर आपल्या पुष्कळ आज्या-पणज्या निरक्षर राहिल्या असत्या. कर्म मानणाऱ्या धर्मात पुरुषार्थही मानलेला आहे, हे आपण सोयीने विसरतो.

आता जरा कडू बोलते. लेकीच्या साहेबाला नावं ठेवताना आपल्या दुकानाकडेही बघा. आपली कापडाची दुकानं आहेत, सोन्याचांदीची पेढी आहे, कापसाचा व्यापार आहे. साड्या दाखवणारी मुलगी सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभी असते. तिला स्टूल आहे का? कोळिकोडमध्ये शिवणकाम करणाऱ्या विजी यांनी याच प्रश्नावर दुकानांतल्या बायका संघटित केल्या. त्यातून केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्याने दिला. एका स्टुलासाठी कायदा करावा लागला! मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणाऱ्या आपण, आपल्याच दुकानात सुजलेले पाय आपल्याला दिसू नयेत? आपली लेक सोसते तो अन्याय, आणि परक्याची लेक सोसते ती शिस्त, असं दुहेरी माप ठेवून अहिंसा होत नाही.

म्हणून मुलींनो, रागाला घाबरू नका. क्रोध कषाय आहे खरा, पण अन्याय आहे तसा सांगणं हा क्रोध नव्हे, ते सत्यव्रत आहे. आवाज न चढवता, तारीख-वार लिहून, कागदावर सांगा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कामाच्या जागी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने सक्तीचं आहे, ते माहीत करून घ्या. पगारातले चार पैसे स्वतःच्या नावावर बाजूला ठेवा. नवं काही शिकत राहा, साहेबाच्या मर्जीसाठी नव्हे, दार उघडायची किल्ली आपल्या हातात असावी म्हणून. मग थांबायचं की निघायचं, हे तुम्ही ठरवा. वाढ म्हणतात ती हीच.

आणि आयांनो, येत्या पर्युषणात प्रतिक्रमणात चौथा अतिचार आला की पुटपुटून पुढे जाऊ नका. आपण कुणावर किती लादलं, दुकानात, घरात, सुनेवर, लेकीवर, याचा हिशेब मनात करा. मुलीचा फोन आला तर "निभावून घे" म्हणायच्या आधी एवढंच विचारा : "आज जेवलीस किती वाजता?" उत्तर नीट ऐका. समता त्यानंतर शिकवता येईल.