दोष हाताचा की काचेचा?

शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरहून एका सूनबाईंचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे ७८ वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. मुलाने गेल्या दिवाळीत घरी संगणक बसवून दिला, तेव्हापासून आपल्या शाळेच्या आठवणी ते त्यावर लिहू लागले. सकाळची पूजा आटोपली की दीड-दोन तास लिहिण्याचा नेमच झाला होता. आषाढात माजघराच्या भिंतीला ओल आली, म्हणून संगणक तेथून हलवून त्यांच्या जुन्या लिहिण्याच्या टेबलावर ठेवला. त्यानंतर आठ-दहा दिवसांतच लेखन थांबले. पत्रात सूनबाई लिहितात, “‘बाण माझ्या म्हणण्याप्रमाणे जात नाही, हात गेला बहुतेक,’ एवढेच मामंजी म्हणाले आणि संगणकावर त्यांनी रुमाल टाकला. त्यांच्या थोरल्या बंधूंना कंपवात होता. त्याची धास्ती त्यांच्या मनात असावी, पण ते बोलून दाखवत नाहीत. माऊसपॅड घेतल्याने काही फरक पडेल का? घ्यायचाच तर मनगटाखाली मऊ उशी असलेला घ्यावा असे वाटते, म्हणजे सासूबाईंनाही उपयोग होईल. त्यांच्या उजव्या हाताला हल्ली मुंग्या येतात.”

प्रश्न शे-दोनशे रुपयांच्या वस्तूचा आहे, पण त्याच्या पोटात दोन माणसांचे दोन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत आणि दोघांची उत्तरे परस्परांच्या उलट आहेत. म्हणून या वेळचे सदर या एकाच पत्रासाठी.

आधी हात पाहावा

सूनबाईंना मी दूरध्वनीवर काही प्रश्न विचारले. चहाची कपबशी उचलताना चहा सांडतो का? सही बदलली आहे का, अक्षर पूर्वीपेक्षा बारीक होत चालले आहे का? सदऱ्याची बटणे लावायला अधिक वेळ लागतो का? मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसले असता बोटे आपोआप हलतात का? चालण्याचा वेग मंदावला आहे का? प्रत्येक प्रश्नाला “नाही” असेच उत्तर आले. शेवटचा प्रश्न टेबलाचा होता. त्यावर काय अंथरले आहे? “अंथरलेले काही नाही. जाड काच आहे, तिच्याखाली निरोपसमारंभाचा फोटो आणि नातवंडांचे फोटो आहेत.”

बहुधा दोष येथेच असावा, असे मला वाटले.

माऊसला दिसते कसे

आजच्या बहुतेक माऊसच्या पोटाशी एक लहानसा दिवा असतो आणि त्याच्याशेजारी एक चिमुकला कॅमेरा. दिव्याचा उजेड पृष्ठभागावर पडतो आणि त्या उजेडात दिसणाऱ्या बारीक खरखरीची छायाचित्रे हा कॅमेरा दर सेकंदाला हजाराहून अधिक वेळा घेतो. लागोपाठच्या दोन छायाचित्रांत खुणा किती सरकल्या, यावरून माऊस किती व कोणत्या दिशेला हलला हे ठरते आणि पडद्यावरचा बाण तितकाच हलतो.

नितळ काचेवर या कॅमेऱ्याला धरण्याजोगी खूणच सापडत नाही. उजेड काचेतून आरपार जातो आणि खालचा फोटो काचेच्या जाडीमुळे त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर राहतो. आरशासारख्या चकाकणाऱ्या सनमायक्यावरही अशीच फसगत होऊ शकते. मग बाण अडखळतो, उडी मारतो किंवा जागचा हलत नाही. तरुण माणूस अशा वेळी माऊस आपटतो आणि यंत्राला दोष देतो. वृद्ध माणूस मात्र स्वतःच्या हाताला दोष देतो. एरवी वाढत्या वयाने त्याला तशी सवयच लावलेली असते.

सूनबाईंना मी सांगितले की आज दुकानात जाऊ नका. जुन्या वहीचा चकाकी नसलेला पुठ्ठा घ्या, काचेवर चिकटपट्टीने चारही बाजूंनी घट्ट बसवा आणि त्यावर माऊस ठेवून मामंजींना बोलवा. दुसऱ्या दिवशी त्यांचाच दूरध्वनी आला. मामंजींनी पाच मिनिटे नुसता बाण इकडून तिकडे फिरवला आणि मग म्हणाले, “म्हणजे हात अजून आपलाच आहे.”

मग पॅड घ्यावाच का?

माऊसचा जन्म अमेरिकेत झाला. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये त्याचा पहिला नमुना घडवला. तो लाकडी होता आणि त्याच्या तळाशी दोन चाके होती. पुढे चाकांची जागा रबरी आवरणाच्या गोळीने घेतली. ही गोळी गुळगुळीत टेबलावर घसरत असे आणि धूळ ओढून घेत असे. तिला पकड मिळावी म्हणून पॅड आवश्यक ठरला. गोळी जाऊन दिवा आला, तेव्हा ही गरज बरीचशी संपली. साध्या लाकडी, न चकाकणाऱ्या टेबलावर आजचा माऊस पॅडवाचून उत्तम चालतो.

तेव्हा टेबल काचेचे, चकाकते, फार खडबडीत किंवा फटी असलेल्या फळ्यांचे असेल, तर पॅड घ्यावा. पलंगावर बसून लॅपटॉप वापरणाऱ्यांनाही चादरीवर किंवा घोंगडीवर माऊस फिरवणे कठीण जाते. तेथे मऊ पॅड कामाचा नाही. मुले परीक्षेला नेतात तो कडक पॅड मांडीशेजारी ठेवला तर काम भागते. टेबल साधे असेल आणि बाण नीट चालत असेल, तर मात्र पॅडवाचून काहीही अडत नाही.

घ्यायचाच तर कसा?

साधा पॅड साधारणपणे १०० ते २०० रुपयांत मिळतो. वृद्धांसाठी घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

तळ रबरी असावा, म्हणजे तो टेबलावर सरकत नाही. जाडी दोन-तीन मिलिमीटर पुरे. कडा शिवलेल्या असाव्यात आणि पॅड टेबलावर सपाट बसावा. कोपरे वर उचललेले असतील तर माऊस त्यांना अडतो. रंग एकच आणि माऊसच्या रंगाहून अगदी वेगळा असावा. काळ्या पॅडवर काळा माऊस ठेवला, तर मोतीबिंदू असलेल्या आजीला तो शोधावा लागतो. चकचकीत चित्रे छापलेला पॅड टाळावा.

हात खरोखरच थोडा थरथरत असेल, तर गुळगुळीत कडक पॅडपेक्षा कापडी पॅड बरा. त्याच्या हलक्या अडथळ्यामुळे माऊस हाताबाहेर निसटत नाही. मात्र मलकापूर, आंबा, गगनबावडा या पट्ट्यातील वाचकांनी एक लक्षात ठेवावे. येथील पावसाळ्यात कापडी पॅड धुतला तर लवकर वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो, बुरशीही धरते. जून ते सप्टेंबर तो पाण्यात बुडवू नये, किंचित ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली सुकवावा. ज्यांना हेही नको असेल, त्यांनी पुसता येईल असा, पण चकाकी नसलेला पॅड निवडावा. मामंजींसाठी मी असाच सुचवला आहे. तोवर पुठ्ठा आहेच.

सासूबाईंचा हात

आता पत्रातील दुसरा हात. सासूबाईंचे वय ७०. संगणकाशी त्यांचा संबंध रविवारपुरता. परदेशी असलेल्या लेकीशी त्या अर्धा तास बोलतात, तेवढाच. मुंग्या मात्र रोज रात्री येतात. पहाटे तीनच्या सुमारास हात बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत बधिरपणा अधिक, करंगळी मोकळी. अलीकडे चिमटा हातातून निसटतो, ब्लाऊजचे हुक लावताना बोटे चुकतात. थायरॉइडची गोळी त्या अनेक वर्षे घेत आहेत.

आठवड्यातून अर्धा तास धरलेला माऊस या दुखण्याचे कारण असू शकत नाही आणि म्हणून पॅड हा त्यावरचा उपायही असू शकत नाही. मनगटाच्या तळव्याकडील बाजूस हाडे आणि एक चिवट पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. बोटे वाकवणारे स्नायुबंध आणि ‘मीडियन’ नावाचा मज्जातंतू त्यातून जातात. बोगद्यातील दाब वाढला की हा मज्जातंतू चेपला जातो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू हा त्याचा प्रांत. या विकाराला ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ म्हणतात. स्त्रियांत तो अधिक आढळतो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात आणि मनगटाचे जुने अस्थिभंग यांच्याशी त्याचा संबंध आहे.

मऊ उशीचा पॅड येथे उपयोगी पडेल का? याच विकाराच्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उभा धरायचा माऊस आणि मनगटाला आधार देणारे पॅड वापरल्याने मनगटाची ठेवण बदलली, पण बोगद्यातील दाब कमी झाला नाही. उशीवर मनगट टेकवून माऊस हलवत राहिले, तर जेथे मज्जातंतू आधीच चेपलेला आहे नेमक्या तेथेच खालून भार पडतो. उशी असलीच, तर ती काम थांबवल्यावर तळहाताची टाच टेकण्यापुरती समजावी.

मात्र अशा पॅडमुळे होणारे खरे नुकसान निराळेच आहे. ‘पॅड आणला आहे, आता बरे वाटेल’ या समजुतीत सहा महिने, वर्ष निघून जाते. मज्जातंतू फार काळ चेपलेला राहिला तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सुकू लागतो आणि तो नंतर पूर्ववत भरून येईलच असे नाही. सुरुवातीच्या अवस्थेत रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधणे, मूळ कारणावर उपचार आणि गरज पडल्यास इंजेक्शन यांनी पुष्कळांना आराम पडतो. लागल्यास शस्त्रक्रियाही छोटी असते. चिमटा निसटू लागला आहे याचा अर्थ आता थांबू नये. सूनबाईंना मी हेच कळवले. अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाण्याचा दिवस त्यांनी ठरवला आहे.

घरच्यांनी बोटे मोजायला शिकावे. अंगठ्याकडची बोटे बधिर होत असतील तर मनगटाचा विचार करावा. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर कोपराचा करावा, कारण तेथून जाणारा दुसरा मज्जातंतू टेबलाच्या कडेवर कोपर टेकून बसल्यानेही दुखावतो. मानेपासून हातापर्यंत कळ येत असेल तर मानेचे मणके तपासावे लागतात. एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून त्याच क्षणी १०८ क्रमांकाला फोन करावा. येथे एक तासही वाया घालवू नये.

पॅडआधी पाट

हात, खांदा, मान दुखते म्हणून पॅड आणणाऱ्यांनी आधी टेबल आणि खुर्ची पाहावी. आपल्याकडील जेवणाचे किंवा लिहिण्याचे टेबल सुमारे ७५ सेंटिमीटर उंच असते. लहान चणीच्या आजी त्यापुढे बसल्या की खांदे उचलले जातात, मनगट टेबलाच्या कडेवर दुमडते. खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बैठक वाढवावी. कोपर अंगालगत, जवळपास काटकोनात आणि मनगट सरळ रेषेत राहील इतकी. मग पाय अधांतरी राहतात, म्हणून पायांखाली जेवणाचा पाट ठेवावा. उठण्यापूर्वी तो पायाने आत सरकवायची सवय मात्र लावावी, नाही तर मनगट वाचवताना माकडहाड मोडायचे.

प्लास्टिकच्या खुर्चीचे हात टेबलाला अडतात. त्यामुळे माणूस दूर बसतो आणि लांब हात करून माऊस धरतो. अशा वेळी हात नसलेली, पण भक्कम खुर्ची घ्यावी. माऊस कळफलकाच्या अगदी लगत असावा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी हात मांडीवर सोडून द्यावा, मुठी उघडाव्या-मिटाव्या.

संगणकाच्या आत काही सोयी आहेत, त्यांना पैसे पडत नाहीत. बाणाचा आकार मोठा आणि वेग कमी करता येतो. दोन टिचक्यांमधला अवकाश वाढवता येतो. दोनदा टिचकी मारणे जमत नसेल, तर एकदा टिचकी मारून ‘एंटर’ दाबले तरी चालते. नातवंडाला दहा मिनिटे बसवले तर हे सारे करून देईल. त्याने ते आजोबांच्या देखत, त्यांच्या हातात माऊस देऊनच करावे.

तेव्हा सूनबाई, उत्तर असे. मामंजींसाठी साधा, पातळ, एकरंगी पॅड खुशाल घ्या. सासूबाईंसाठी पॅड घेऊ नका, त्यांना डॉक्टरांकडे न्या. आणि काचेखालचे फोटो काढू नका. पुठ्ठ्याने निरोपसमारंभाचा अर्धा फोटो झाकला गेला म्हणून मामंजी कुरकुरत होते, असे तुम्ही म्हणालात. पॅड थोडा उजवीकडे सरकवला की तो दिसेल आणि आठवणी लिहिताना समोर असलेला बरा.