अंगावर वळ नाहीत, म्हणून छळ नाही?

लखनौच्या निशातगंज आणि आसपासच्या मराठी कुटुंबांनो,

“तो हात तर उचलत नाही ना? मग सांभाळून घे.” आपल्या हळदीकुंकवात असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या बायकांना आम्ही स्पष्ट सांगतो: तुमचा हा सल्ला छळ करणाऱ्याच्याच कामी येतो.

विटा-खानापूरकडून गलाईच्या धंद्यासाठी, पुण्या-नागपूरहून नोकरीसाठी माणसं लखनौला येतात. मागोमाग लग्न होऊन मुलगी येते. हिंदी तिला धड येत नाही. मुंबई गाठायलाच पुष्पक एक्सप्रेसने एक दिवस-रात्र जाते, म्हणजे माहेर लांबच. छळ करणाऱ्याला हे अंतर फार सोयीचं. आईचा फोन आला की स्पीकर लावायचा. रिचार्ज तो मारणार, रात्री मोबाईल तोच तपासणार. एटीएम कार्ड तिच्या नावाचं, पिन त्याच्याकडे. दागिने ‘जपून’ ठेवलेत, कुठे ते तिला ठाऊक नाही. बाजारात गेली तर व्हिडिओ कॉल करून आजूबाजूची दुकानं दाखवायची. एकेक गोष्ट सुटी पाहिली तर लोक त्याला काळजी म्हणतात. पण तीच बाई वर्षभरात भिशीला यायची बंद होते, प्रश्न तिला विचारला तरी उत्तर नवरा देतो, आणि साडी कोणती घ्यायची हेही ती त्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवते. हे दिसत असूनही आपण गप्प राहतो.

कायदा गप्प नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मारहाणीइतकंच शिवीगाळ, अपमान, लैंगिक छळ आणि पैसा-स्त्रीधन अडवणं यांनाही हिंसा मानतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही बायकांना विचारतं: नवरा मैत्रिणींना भेटू देतो का, माहेरचा संपर्क तोडतो का, पैशांबाबत विश्वास ठेवतो का? 2001 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, तेव्हापासून तिथले डॉक्टर-परिचारिका हिंसेची लक्षणं ओळखायला शिकले. शेजाऱ्यांना ते का जमू नये?

“आम्ही मध्ये कसं पडणार?” ही सबब चालणार नाही. याच 2005 च्या कायद्याच्या कलम 4 प्रमाणे कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतं. ती प्रामाणिकपणे दिली असेल तर देणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. छळ सोसणाऱ्या बाईला लखनौतच लढावं लागेल असंही नाही. कलम 27 मुळे ती तात्पुरती राहत असेल तिथेही, म्हणजे माहेरी गेली असेल तर तिथल्या न्यायालयातही, अर्ज करता येतो.

तिला एकटीला गाठा, मराठीत विचारा. नवऱ्याला समोर बसवून बैठक घेऊ नका; त्याचा राग घरी गेल्यावर तिलाच सोसावा लागतो. निर्णय तिचा तिला घेऊ द्या. आणि हे पत्रक तिच्या हातात देऊ नका, व्हॉट्सॲपवरही पाठवू नका. वाचून दाखवा आणि नंबर पाठ करून घ्या: महिला हेल्पलाइन 181, उत्तर प्रदेश पोलिसांची वुमन पॉवर लाइन 1090, जिवाला धोका असेल तर 112.