पगार तिचा, विवरणपत्रही तिचंच

नवरा-बायकोचं प्राप्तिकर विवरणपत्र एकच असावं, ही मागणी आता नोकरदारांच्या बोलण्यात नेहमी येते. भारतीय सनदी लेखापाल संस्थेनेही 2025 च्या अर्थसंकल्पाआधी ऐच्छिक संयुक्त करआकारणी सुचवली होती. मागणी दिसते समंजस, पण माझा तिला ठाम विरोध आहे.

आधी तिची बाजू पूर्ण मांडू. धारवाडमध्ये शेजारीशेजारी दोन घरं आहेत असं समजा. एका घरात दोघांनाही वर्षाला 12 लाख पगार. 2025-26 पासून नव्या करपद्धतीत पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत कर लागत नाही, म्हणून हे घर प्राप्तिकराचा एक रुपयाही भरत नाही. दुसऱ्या घरात एकटा नवरा 24 लाख कमावतो. 75 हजारांची प्रमाणित वजावट धरूनही, उपकरासह त्याचा कर 2 लाख 92 हजार 500 होतो. म्हणजे दरमहा 24 हजारांहून अधिक रक्कम पगार हाती पडण्याआधीच कापली जाते. घरात येणारा पैसा सारखा, खाणारी तोंडं सारखी, मग हा फरक का? संसार एक असताना सरकारने माणसं दोन का मोजावीत?

आकडे बिनचूक आहेत आणि प्रश्न रास्त आहे. चुकीचा आहे तो उपाय.

पहिली गोष्ट, हा दिलासा मिळणार कुणाला? हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या ज्या कारागिराचा किंवा धारवाडच्या ज्या शिक्षकाचा वर्षाचा पगार पावणेतेरा लाखांच्या आत आहे, त्याचा कर आजच शून्य आहे. एकट्याच्या कमाईवर चालणाऱ्या अशा घरांना संयुक्त विवरणपत्र काहीच देत नाही. लाभ सुरू होतो त्याच्या वरच्या पगारापासून, आणि पगार चढेल तसा तोही चढतो. शिवाय विधवा कमावती आई, लग्न न करता म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळणारी मुलगी, अपंग भावाचा भार उचलणारा अविवाहित भाऊ यांच्या वाट्याला यातलं काही येत नाही. भार माणसं सांभाळण्याचा असतो. लग्नाचा दाखला पाहून दिलेली सवलत तो भार मोजतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संयुक्त विवरणपत्रासाठी नव्या पद्धतीचे सगळे टप्पे दुप्पट केले, असं धरू. नवऱ्याचा पगार 30 लाख आहे आणि बायकोला शाळेत 6 लाखांची नोकरी मिळते आहे. आज तिचं विवरणपत्र वेगळं आहे, कर शून्य आहे. एकत्र विवरणपत्रात मात्र तिचे पैसे नवऱ्याच्या पैशांच्या वर रचले जातात. तिला 75 हजारांची वेगळी वजावट देऊनही घराचा कर 94 हजार 900 रुपयांनी वाढतो. घराचा एकूण कर आजच्यापेक्षा कमी भरेल, हे खरं. पण तिच्या नोकरीची किंमत घरात ठरेल ती या वाढीवरून. ‘तुझ्या पगारातले लाखभर करातच जाणार, वर रिक्षा आणि पाळणाघर, कशाला ही दगदग?’ आपल्याकडे बायकांच्या नोकऱ्या अशाच हिशेबांनी सुटतात. त्या हिशेबाला कायद्याने बळ देऊ नये.

‘पण ही योजना ऐच्छिक आहे,’ असं उत्तर मिळतं. जर्मनीतही निवड जोडप्याचीच असते. तिथे जास्त कमावणारा जोडीदार तिसरा करवर्ग आणि कमी कमावणारा पाचवा घेऊ शकतो. मूळ करमुक्त रक्कम दरमहा पहिल्याच्या पगारात धरली जाते आणि दुसऱ्याच्या पगारातून कपात जबर होते. वर्षअखेरीस घराचा हिशेब जुळतो, पण बाळंतपणानंतरचा पालकभत्ता निव्वळ पगारावर ठरत असल्यामुळे पाचव्या वर्गातल्या आईला तोही कमी मिळू शकतो. इच्छा जोडप्याची म्हणायची, झळ मात्र एकीला.

विवाहाचा विचार आपल्या करकायद्याला परका नाही, असंही कुणी म्हणेल. बरोबर आहे. चिंतामणराव देशमुखांनी 1955-56 च्या अर्थसंकल्पात करमुक्त मर्यादा विवाहितांसाठी 2,000 आणि अविवाहितांसाठी 1,000 रुपये ठेवली. पुढे ती मुलांच्या संख्येनुसार 3,000 ते 3,600 झाली. पण ही सवलत कमावणाऱ्याच्या स्वतःच्या हिशेबात होती. बायकोचा पगार नवऱ्याच्या खात्यात ओढलेला नव्हता. उलट ब्रिटनमध्ये बायकोचं उत्पन्न नवऱ्याचंच मानायची जुनी रीत होती. ती मोडून 1990 पासून तिथे प्रत्येकाची स्वतंत्र आकारणी सुरू झाली. जिथून दुसरे बाहेर पडले, त्या वाटेला आपण का लागावं?

ज्याची कमाई, त्याचाच कर, हे आपल्या कायद्याचं तत्त्व आहे. नवऱ्याने बायकोच्या नावावर ठेव ठेवली तर तिचं व्याज कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतो. तिने स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेला पगार मात्र तिचाच राहतो. कर्नाटकाचा व्यवसाय करही व्यक्तीचाच पगार पाहतो: महिना 25 हजारांच्या आत तो कुणालाच नाही. महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंतची सूट फक्त स्त्रियांना आहे. कोल्हापुरात महिना 15 हजार मिळवणारा पुरुष वर्षाला 2,500 रुपये भरतो, धारवाडमधला काहीच भरत नाही. हे दोन्ही नियम वेगळे असले, तरी जोडीदार काय कमावतो हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

मग एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घराचं काय? त्याला न्याय हवाच. आईवडिलांच्या आरोग्यविम्याची आणि अपंग अवलंबितांच्या खर्चाची वजावट आज फक्त जुन्या पद्धतीत आहे. अवलंबितांसाठीची वजावट नव्या पद्धतीत आणा, आणि ती कमावणाऱ्या प्रत्येकाला सारखी द्या, मग तो विवाहित असो, एकटा असो की विधुर. तोपर्यंत अशा घरांनी दोन्ही पद्धतींचा हिशेब एप्रिलमध्येच मांडावा. आपण कार्यालयाला काही कळवलं नाही, तर नवी पद्धत धरूनच कपात होते. कळवलेली निवडही अंतिम नसते. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला मुदतीत विवरणपत्र भरताना ती बदलता येते.

मागणी करायचीच तर अवलंबितांच्या वजावटीची करा. तिचं विवरणपत्र तिच्याच नावाने राहू द्या.