नळी एकाकडे, जखम दुसऱ्याकडे



पिंपरी-चिंचवडमध्ये ज्येष्ठांसाठी काय केलं असं विचारलं, की विरंगुळा केंद्रं दाखवली जातात. केंद्रं चांगलीच आहेत. पण तिथे कॅरम खेळायला जायचं, तर आधी घरचा जिना उतरता आला पाहिजे.

माझे वडील सत्तरच्या दशकात साताऱ्याहून पिंपरीच्या कारखान्यात आले. तीन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. घर यमुनानगरात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लघवीची नळी बदलायची म्हणजे त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणायचं. नाईट करून झोपलेल्या शेजारच्या पोरांना त्यासाठी उठवायचं. काम दहा मिनिटांचं, दिवस मात्र अख्खा मोडतो.

घरी कोणी येत नाही असं नाही. नर्सिंग ब्युरोची मावशी अंग पुसते, भरवते, डायपर बदलते. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट येतो. बोलावले तर डॉक्टरही येतात. पण यांची एकमेकांशी गाठ नाही. माकडहाडावरची लाली आधी दिसली ती मावशीला. ती कोणाला सांगायची, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून तिने पावडर लावली. फिजिओथेरपिस्ट म्हणाला होता, खुर्चीत जास्त वेळ बसवा. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, पाठ पाहिली नाही. तिघांनीही आपापलं काम केलं आणि वडिलांच्या पाठीला तळहाताएवढी जखम झाली. दर दोन तासांनी कूस बदला, हे आम्हाला पहिल्यांदा कळलं ते त्यांना दाखल केल्यावर.

इथे सरकारी गणित मला उलगडत नाही. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच मिळालं, उत्पन्नाची अट न ठेवता. पण ते चालतं रुग्णालयात दाखल झाल्यावर. जखम सडून ऑपरेशनवर गेली तर सरकार पैसे भरणार, ती सडू नये म्हणून घरी रोज लागणाऱ्या नर्सचे मात्र नाही. राज्याच्या वयोश्री योजनेत एकदाच तीन हजार मिळतात, त्यातून कमोडची खुर्ची येते. खुर्चीत बसवणारा माणूस येत नाही.

कागदावर तरतूद नाही असंही नाही. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 सालचा, त्यात अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणं धरलेलं आहे. केरळने 2008 मध्ये उपशामक सेवेचं धोरण केलं आणि पंचायतींना त्यात उतरवलं. तिथे नर्स घरी येते, नळी बदलते, जखम धुते, घरच्यांना शिकवते. आमची महापालिका केरळातल्या ग्रामपंचायतीहून गरीब आहे, असं निदान महापालिका तरी म्हणणार नाही.

नवी इमारत नको. महापालिकेची आठ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. प्रत्येकाला एक पथक द्या, त्यात डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि नर्स असावेत, पण रुग्णाची जबाबदारी नर्सची. घरात वही एकच, तिच्यात मावशीनेही लिहायचं आणि मावशीचा फोन नर्सने उचलायचा. महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयातून असा रुग्ण घरी सोडताना त्याचे कागद थेट त्या नर्सकडे जावेत. ब्युरोच्या बायकांना त्याच रुग्णालयात थोडं शिकवता येईल. यादी कशी करणार, हा प्रश्न तर विचारूच नये. पोलिओच्या मोहिमेत याच शहरात दारोदार खडूच्या खुणा करून झाल्या आहेत. शेजारच्या चाकणला महापालिका नाही, तिथे हे काम ग्रामीण रुग्णालयाने धरावं. गाव सोडून मुलाच्या भाड्याच्या खोलीत येऊन पडलेल्या म्हाताऱ्यांची तिथे कुठेच नोंद नसते.

आईबापाचं मुलांनीच करावं, असं सांगणारे भेटतात. करतोच आहोत. खरं तर माझ्याहून जास्त बायको करते, तिने त्यासाठी नोकरी सोडली. कूस बदलणं आता मलाही जमतं. पण जखम किती खोल गेली हे मी कसं ओळखणार?

येत्या शुक्रवारी नळी पुन्हा बदलायची आहे. खुर्ची उचलायला चौथा माणूस अजून मिळालेला नाही.

एक वाचक,
यमुनानगर, निगडी